उष्टी फुंकणी

“वातच भिकार हाय,” मी म्हणालो आणि त्या महिन्यातली सातवी वात दिव्यातून उपटून खिडकीबाहेर भिरकावली.

समोरच्या पाटावर तातोबा बसला होता. तातोबा चौगुले आणि मी, अठरा वर्षं एकाच खोलीत समोरासमोर बसून चांदीचं काम करत आलेले. त्यानं चिमट्यात पैंजणाची कडी धरली होती. मान वर न करता तो म्हणाला, “अण्णा, त्याच गुंडाळीतली वात माझ्या बी दिव्यात हाय.”

“मग रॉकेल खराब आलंय.”

“रॉकेल एकाच डब्यातलं.”

“मग वारं लागतंय. ती खिडकी लाव बघू.”

“खिडकी धा दिवस बंदच हाय. आत्ता तू वात टाकायला उघडलीस.”

मी खिडकी लावली आणि आठवी वात वळायला घेतली.

हे वीस वर्षांपूर्वीचं. हुपरीच्या शेजारचं आमचं गाव, घरटी कुणी ना कुणी चांदीच्या कामात. आज कारागिरांकडं गॅस आलाय, कळ फिरवली की निळी ज्योत तयार. आमच्या वेळी एक रॉकेलचा दिवा, जाड वात आणि हातभर लांबीची, टोकाला वाकवलेली पितळी फुंकणी. फुंकणीचं एक टोक आपल्या तोंडात, दुसरं ज्योतीपाशी. फुंकर घातली की पिवळी ज्योत आडवी होते, निळी होते, सुईसारखी बारीक होते. ती सुई नेमकी सांध्यावर धरायची. सांध्यावर ठेवलेला जोडाचा, म्हणजे लवकर वितळणाऱ्या चांदीचा, कण वितळून पाण्यासारखा पळाला, की सांधा झाला. पण सगळी गोम अशी की फुंकर मधे तुटता कामा नये. श्वास घ्यायचा नाकानं, आणि त्याच वेळी गालांत साठवलेला वारा तोंडानं सोडत राहायचं. माणसानं श्वास घेतला हे ज्योतीला कळताच कामा नये. ज्योत तुटली की तो कण गोळी होऊन बसतो, आणि सांधा वरून कितीही गोड दिसला तरी आतून कच्चाच राहतो.

माझी ज्योत कधी तुटायची नाही. फुशारकी मारत नाही... बरं, मारतोच. खंडेनवमीला आमच्या गल्लीत हत्यारांची पूजा झाली की पैज लागायची. सगळे कारागीर दिवे घेऊन कट्ट्यावर बसणार, एक जण मोठ्यानं आकडे मोजणार, आणि ज्याची ज्योत थरथरली तो उठला. तातोबा एकशे दहाला उठायचा. बाकीचे दीडशे-दोनशेपर्यंत रडतखडत जायचे. मी एकदा तीनशे चाळीस केले होते. सबंध गल्लीत तो आकडा पोरासोरांना पाठ होता. नसलाच एखाद्याला, तर मी सांगायचो.

आणि आमच्याकडं एक नेम होता. एकाची फुंकणी दुसऱ्यानं तोंडाला लावायची नाही. उष्टी फुंकणी म्हणजे कारागिराचा अपमान. बाप मेला की त्याची फुंकणी पोराकडं येणार, तीसुद्धा निखाऱ्यात तापवून, चिंचेनं घासून, देवापुढं ठेवून. माझी फुंकणी माझ्या वडिलांची, त्यांची त्यांच्या वडिलांची. जिवंत माणसाची फुंकणी घेणं म्हणजे त्याला मेला म्हणण्यासारखं. त्यामुळं माझ्या फुंकणीत खरंच काही बिघाड आहे का, हे बघायला गावात कुणीच पुढं येणार नव्हतं. मला ते सोयीचंच होतं.

तर बिघाड का झाला, ते सांगायला थोडं मागं जायला पाहिजे.

त्याच वर्षी माघात माझ्या पायाचा अंगठा सुजला. डॉक्टर म्हणाले युरिक अ‍ॅसिड वाढलंय, ही गोळी रोज घ्या. गोळीचं नाव मी इथं सांगत नाही, कारण तीच गोळी लाखो लोक खातात आणि बरे राहतात. मला सोसली नाही, बस्स. अंगठा उतरला, मी खूश. तिसऱ्या आठवड्यात ताप आला, डोळे लालभडक झाले, जिभेवर मिरची ठेवल्यासारखी आग. दोन दिवसांत छातीवर, पाठीवर फोड उठले आणि उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी कातडी निघायला लागली. कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी पहिल्यांदा ती गोळी बंद केली आणि मला भाजलेल्यांच्या वॉर्डात टाकलं. आग नाही, उकळतं पाणी नाही, आणि माझी निम्मी कातडी गायब! रोगाला दोन गोऱ्या डॉक्टरांच्या नावांचं जोडनाव होतं. मला ते आजही नीट म्हणता येत नाही.

गावात काय काय पसरलं! कुणी म्हणे दुकानात तेजाब सांडलं. कुणी म्हणे बायकोनं उकळती आमटी ओतली. त्रिशला, म्हणजे माझी बायको, ते ऐकून म्हणाली, “ओतायचीच असती तर बावीस वर्षं थांबले असते व्हय?”

सव्वीस दिवस मी तिथं होतो. वॉर्डात दुपारी चारला एकाच माणसाला आत सोडायचे. त्रिशला रोज दुपारच्या एस.टी.नं यायची, तोंडाला फडकं बांधून, डोक्याला टोपी घालून माझ्याजवळ बसायची आणि चमच्यानं ताक पाजायची. ओठ इतके फाटले होते की चमचाही सोसायचा नाही. तेव्हा खोकलाही होता. एकदा तर खोकल्यातून पातळ सालीसारखं काहीतरी पडलं. नर्सनं ते बघून डॉक्टरांना बोलावलं, डॉक्टरांनी लिहून घेतलं. पण जीव वाचतो की नाही अशी गत होती, तिथं खोकल्याचं काय घेऊन बसायचं? मी खोकला विसरलो. त्रिशला विसरली नाही, हे मला नंतर कळलं.

चैत्रात घरी आलो. नवी कातडी आली होती, कुठं पांढरी, कुठं काळपट. तातोबा बघून म्हणाला, “अण्णा, बिबट्या झालास की!” मी पोट धरून हसलो. हसता हसता इतका खोकला आला की मला खाली बसावं लागलं.

फुंकणी जागेवर नव्हती. पाटाच्या वरच्या खिळ्याला ती कायम टांगलेली असायची. त्रिशलानं स्वयंपाकघरातून, भांड्यांच्या फळीवरून काढून दिली. म्हणाली, “धूळ बसू नये म्हणून आत ठिवली हुती.” मला बरं वाटलं. बायको फुंकणीचीसुद्धा काळजी घेते म्हणून.

आणि कामाला बसलो तर ज्योत पंधरा मोजायच्या आत तुटायला लागली.

आधी म्हटलं ओठ कच्चे आहेत. मग म्हटलं अशक्तपणा आहे. गावातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. फोटो काचेसारखा साफ! “काही नाही, ताकद कमी झालीय. रोज दोन अंडी खा,” असं म्हणाले. आम्ही जैन. मी दूध-खजूर सुरू केले, चांगला पाच किलो वाढलो, आणि ज्योत बारावर तुटायला लागली. छाती तर साफ होती, डॉक्टरांनी सांगितलेलं. मग राहिलं काय? वात, रॉकेल, खिडकी. वडिलांच्या वेळचा दिवा बदलून नवा आणला. दिव्याखालचा पाट बदलला. तातोबाला म्हणालो, तू जोरात श्वास घेतोस, त्यानं हलती. बिचारा दोन दिवस तोंड दाराकडं करून बसला.

श्रावणात शेठजींचा फोन आला. इचलकरंजीचे आमचे जुने व्यापारी. गोड माणूस, पण त्या दिवशी आवाज कोरडा होता.

“भरमाण्णा, अकरा जोड परत आलेत. सांधे उकललेत. एका नवरीच्या पायातनं पैंजण लग्नाच्या मांडवात गळून पडलं. हे तुझंच काम हाय का?”

माझा सांधा उकलला असं मला आयुष्यात कुणी म्हणालं नव्हतं.

“आणि फाल्गुनात जो माल दिलास,” शेठजी पुढं म्हणाले, “त्यातला एक सांधा हललेला न्हाई. तसलं काम पाहिजे मला.”

फाल्गुनात? फाल्गुनात मी दवाखान्यात कातडीची वाट बघत पडलो होतो! म्हणजे तो माल तातोबानं केला. माझ्या नावावर, आणि माझ्यापेक्षा सरस. एकशे दहाला उठणारा तातोबा!

मी तरातरा आत आलो. “तात्या, फाल्गुनातला माल तू केलास?”

तातोबा चिमटा खाली ठेवून जमिनीकडं बघायला लागला. “माझं काय... मी आपली तार ओढून दिली.”

“शेठजी तुझी वाहवा करालेत.”

“करू देत की,” तो म्हणाला आणि पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेला.

माझा तिळपापड झाला. दार लावून घेतलं, दिवा पेटवला, परत आलेल्या पैंजणातला एक उकललेला सांधा घेतला आणि फुंकणी तोंडाला लावली. एक, दोन, तीन... नवाला ज्योत फडफडली आणि पिवळी झाली. पुन्हा. आठाला. पुन्हा. डोळ्यांपुढं काजवे चमकले. फुंकणी मी भिंतीवर फेकून मारली. खणकन आवाज झाला.

त्रिशला स्वयंपाकघरातून धावत आली. हात पिठाचे. “काय पडलं?”

“ही फुंकणी फुटली! पोटात कुठंतरी चीर गेलीया हिच्या. वारं मधनंच निसटतंय. उद्या कोल्हापूरला जातो आणि नवी आणतो. हिला घाल भंगारात!”

वडिलांची फुंकणी. हे शब्द माझ्या तोंडून गेले आणि माझे मलाच ऐकवेनात.

त्रिशलानं पदराला हात पुसले. कोपऱ्यातून फुंकणी उचलली, प्रकाशाकडं धरून आरपार बघितली. मग सरळ माझ्या पाटावर येऊन बसली. आमच्या धंद्यात बायकांनी घुंगरं ओवायची, तारेला पॉलिश मारायचं, ते सगळं घरात. पाटावर बाई बसलेली मी जन्मात बघितली नव्हती. मी तोंड उघडेपर्यंत तिनं फुंकणी तोंडाला लावली होती.

ज्योत आडवी झाली. निळी झाली. आणि सुई होऊन उभीच राहिली की हो!

तिनं डाव्या हातानं कडी चिमट्यात धरली, कण नीट पळावा म्हणून सांध्यावर टाकणखाराचा ठिपका दिला, जोडाचा कण ठेवला. सुई सांध्यावर आली. कण पळाला. दुसरी कडी. तिसरी. नाकानं श्वास घेत होती, गालांतून सोडत होती, आणि ज्योतीला त्याचा पत्ता नव्हता. पाच सांधे करून तिनं फुंकणी खाली ठेवली. चुलीवरच्या भाकरीचा करपट वास यायला लागला होता.

“कुणाला विचारून तोंड लावलंस?” मी ओरडलो. दुसरं काही सुचलंच नाही.

“तुमच्या उष्ट्या ताटात बावीस वर्षं जेवले,” ती म्हणाली. “फुंकणीनं काय घोडं मारलंय?”

मी फुंकणी उचलून घेतली.

“फुंकणी धडधाकट हाय. वात बी बरी हाय, रॉकेल बी. बिचाऱ्या तातोबा भावजींचा श्वास बी बराच हाय. बिघडलंय ते तुमच्या आत.” मग तिचा आवाज एकदम बदलला. “आवो, देवळाच्या पायऱ्या बारा. तुम्ही दोनदा थांबता. तुम्हाला वाटत असंल मला दिसत न्हाई. मला भ्या वाटतंय.”

तिचे डोळे भरलेले बघून माझा राग कुठल्या कुठं गेला. मलाही भीती वाटत होती, चार महिने. मी ते वातीवर काढत होतो.

दोन दिवसांनी आम्ही कोल्हापुरात, छातीच्या डॉक्टरांकडं. दवाखाना पहिल्या मजल्यावर. जिन्यात मी तीनदा थांबलो आणि तिन्ही वेळा “जिना फार उभा बांधलाय” असं म्हणालो. त्रिशला म्हणाली, “व्हय, गवंडी भिकार असणार.”

डॉक्टर बाई होत्या, मगदूम आडनाव, वयानं माझ्या पुतणीएवढ्या. दवाखान्याचे जुने कागद त्यांनी शांतपणे वाचले. मी आपलं कातडीचं सांगत बसलो, कारण आतापर्यंत जो भेटला त्यानं कातडीचंच विचारलेलं. मधेच त्रिशला म्हणाली, “डॉक्टर, ह्यांची ज्योत तुटती.”

“म्हणजे?”

मग त्रिशलानं खुर्चीत बसल्या बसल्या, हातात नसलेली फुंकणी धरून, गाल फुगवून सगळं करून दाखवलं. आधी तीनशे चाळीसपर्यंत न तुटणारी ज्योत वैशाखात पंधराला तुटायला लागली, जेठात बाराला, आता आठाला. आणि दवाखान्यात असताना खोकल्यातून साल पडली होती तेही सांगितलं, तारखेसकट. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

“इतकी चांगली हिस्टरी मला कुणी दिली नव्हती,” त्या म्हणाल्या. “या, फुंकायची चाचणी करू.”

एका यंत्राला नळी होती. नळीला पुठ्ठ्याचं तोंड. समोर टीव्हीसारखा पडदा, आणि त्यावर लहान पोरांसाठी केलेलं चित्र, दहा मेणबत्त्यांचा केक.

“काका, छाती भरून श्वास घ्या आणि एका दमात जोरानं फुंका. फुंकत राहा, थांबू नका. सगळ्या मेणबत्त्या विझल्या पाहिजेत.”

मला हसूच आलं. “बाई, फुंकणं हा माझा धंदा हाय. तीन पिढ्यांचा. तुमचं यंत्र फुटंल, आधीच सांगून ठिवतो.”

मी मिशीवरून हात फिरवला, छाती भरली आणि फुंकलो.

तीन मेणबत्त्या विझल्या.

“परत एकदा,” बाई म्हणाल्या. पुन्हा तीन. “शेवटचं.” त्या वेळी अडीच. तिसरी विझते विझते आणि परत पेटली. मी पडद्याकडं बघत राहिलो. सात मेणबत्त्या खुशाल जळत होत्या. शेजारच्या बाकावर एक सात-आठ वर्षांची पोरगी वाट बघत बसली होती. ती आपल्या आईला म्हणाली, “आजोबांना येत न्हाई.” बेचाळीस वर्षांचा होतो मी तेव्हा!

मग मोठ्या यंत्रातून छातीचा दुसरा, आडवा-तिडवा फोटो निघाला आणि संध्याकाळी बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. त्या गोळीच्या रिअ‍ॅक्शननं बाहेरची कातडी जशी सोलली, तसंच आत श्वासनळ्यांचं अस्तरही सोललं होतं. खोकल्यातून पडलं ते तेच. बाहेरचं भरून आलं. आतल्या अगदी बारीक नळ्यांना मात्र भरताना वण पडले आणि त्या आवळल्या. श्वास आत जातो, बाहेर पुरता येत नाही. साध्या एक्स-रेत हे दिसत नाही, म्हणून छाती साफ वाटली.

“बरं होईल?” मी विचारलं.

“जे गेलं ते परत येईल असं मी सांगणार नाही,” बाई म्हणाल्या. “जे आहे ते राखू. पंपानं ओढायची औषधं देते, काही दिवस गोळ्या, श्वासाचे व्यायाम. आणि ती अंगठ्याची गोळी पुन्हा जन्मात घ्यायची नाही. कुठल्याही डॉक्टरकडं गेलात तर आधी ते सांगायचं.”

“आणि फुंकणी?”

“फुंकणी नाही, काका. दिव्याचा धूरही नाही. अजून सहा महिने वाती बदलत बसला असता, तर आज राखायला काही उरलं नसतं.”

एस.टी.त मी खिडकीपाशी बसलो. शहर मागं पडलं, उसाचे फड सुरू झाले आणि मला रडू कोसळलं. बाईमाणसासारखं म्हणतात ना, तसं नाही. बाईमाणूस शेजारी कोरड्या डोळ्यांनी बसलं होतं, मीच रडत होतो. जीव वाचला याचा आनंद मला का होत नव्हता कुणास ठाऊक. ज्याला गल्लीत लोक ओळखत होते तो माणूस त्या सात मेणबत्त्यांपाशीच राहिला, असं वाटत होतं.

त्रिशलानं पदरानं माझं नाक पुसलं. सगळ्या बसदेखत.

जरा वेळानं मी म्हणालो, “फाल्गुनातला माल. सांधे तातोबानं केले न्हाईत.”

“तार त्यांनी ओढली.”

“सांधे?”

ती उसाकडं बघत होती. “तुमच्याकडं यायची एस.टी. दुपारची, सकाळी वेळ असायचा. स्वयंपाकघरात दिवा लावून बसायची. शेठजींना दिलेली तारीख हुती. तुम्ही तिकडं पडलेला, आणि तुमच्या नावाला बट्टा लागला असता.”

“पण शिकलीस कुठं?”

“बाबांकडं. आठव्या वर्षापास्नं दिव्यावर बसायची मी. तुमच्याकडं आले आणि सासूबाईंनी पहिल्याच दिवशी घुंगरं ओवायला दिली. ओवली.”

“बावीस वर्षं बोलली न्हाईस!”

“काय बोलायचं? खंडेनवमीला तुम्ही तीनशे चाळीस करून मिशीवरनं हात फिरवत घरात यायचा. इतकं गोड दिसायचा. तेवढ्यात मी काय सांगू, मला बी येतंय म्हणून?”

मी डोळे पुसले. मग कारागीर जागा झाला. “तू किती करतीस? आकडा किती?”

“मोजणारं कोण हुतं?” त्रिशला म्हणाली.

त्या वर्षीची खंडेनवमी आली. हत्यारं मांडली, झेंडूची फुलं वाहिली. गल्लीतले कारागीर दिवे घेऊन कट्ट्यावर जमले आणि सगळे माझ्याकडं चोरून बघायला लागले. मी घरात गेलो. वडिलांची फुंकणी निखाऱ्यात तापवली, चिंचेनं लखलखीत घासली, देवापुढं ठेवली आणि बाहेर येऊन सगळ्यांसमक्ष त्रिशलाच्या हातात दिली.

तातोबा हळूच माझ्या कानाशी आला. “अण्णा, जित्तेपणी देत न्हाईत.”

“निम्मा मेलोच हुतो की भाजलेल्यांच्या वॉर्डात,” मी म्हणालो. “उरलेल्या निम्म्यानं दिली, असं समज.”

तातोबानं आधी डोळे मिचकावले, मग स्वतः उठून तिला जागा करून दिली. म्हणाला, “बसा वहिनी. तुमच्यापुढं मी एकशे दहाला कशाला लाज घालवू?” तेव्हा कुठं बाकीचे हसले.

त्रिशलानं पदर खोचला. तिच्यासमोर चांदीचा एक लहान बिल्ला होता, रुपयाएवढा. त्यावर तिनं आधीच ठशांनी अक्षरं उठवली होती, त्या गोळीचं नाव आणि खाली ‘देऊ नये’. फक्त वर अडकवायची कडी जोडायची राहिली होती. तो बिल्ला अजून माझ्या गळ्यात आहे. नवा डॉक्टर भेटला की मी तोंड उघडण्याआधी सदऱ्याचं बटण उघडतो.

“मोजणार कोण?” कुणीतरी विचारलं.

“मी,” मी म्हणालो.

ज्योत निळी झाली. मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. कडीचा सांधा वीसच्या आत झाला, पण पैज पैज असते, सुई तशीच उभी राहिली. साठाला मला दम लागला. तातोबा म्हणाला, मी मोजतो पुढं. मी हातानंच नको म्हटलं. खिशातलं औषध ओढलं, श्वास जुळवला आणि एकसष्टपासून धरलं. ज्योत माझ्यासाठी थांबून राहिली होती. दोनशेला सगळे उठले, कुणी हरलं म्हणून, कुणी बघायला म्हणून. माझा आवाज बसला होता, मी दर दहा आकड्यांना थांबत होतो. त्रिशलाचे डोळे माझ्यावर होते, ज्योतीवर नव्हते.

तीनशे तीस. तीनशे पस्तीस. पोरं माझ्याबरोबर ओरडायला लागली. तीनशे अडतीस. तीनशे एकोणचाळीस.

आणि त्रिशलानं फुंकणी तोंडातून काढली.

“अगं! एकच राहिला हुता!” सगळी गल्ली ओरडली.

तिनं पदरानं ओठ टिपले आणि माझ्याकडं बघून अगदी साळसूदपणे म्हणाली, “रॉकेलच भिकार हाय बाई. संपलं वाटतं.”

मी दिवा उचलला आणि कानापाशी हलवून बघितला. निम्म्याच्या वर भरलेला होता.